मेंढ्या राखायचा संगणक

आत-बाशी, ४ मार्च

प्रिय मीरिम,

तुझ्या मावशीचे आशीर्वाद. हातात फोन असताना ही म्हातारी कागद का खराब करते, असं तुला वाटेल. एक तर फोनवर मला ओरडून बोलावं लागतं, आणि आमच्या घरातल्या भिंती तुझ्या काकांच्या बाजूच्या आहेत. दुसरं म्हणजे अख्खी नोकरी मी पोस्टात दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारण्यात घालवली. आता जरा मलाही कोणी पत्र लिहावं की नाही? तेव्हा उत्तर कागदावर लिही आणि मिनीबसवाल्या तालायकडे दे. तो पत्र फोडून वाचणाऱ्यातला नाही. तेवढा उरक त्याच्यात नाही.

काम असं आहे. मला खेळ खेळायचा संगणक घ्यायचा आहे. तू त्या बाजारात दिवसभर संगणकच जोडत बसतेस, तेव्हा तुला नाही विचारायचं तर कोणाला? मांडीवर घ्यायचा लॅपटॉप घ्यावा, की टेबलावर ठेवायचा तो मोठा खोका? माझ्याकडे चाळीस हजार सोम आहेत. निळ्या शिंगांच्या नक्षीचा माझा नमद्याचा गालिचा आठवतो ना, तो एका पाहुणीला आवडला, तेवढ्यालाच देऊन टाकला. तुझ्या काकांना वाटतंय तो उन्हात वाळत घातलाय.

कोणासाठी हवाय ते विचारू नकोस. आहे एक माणूस.

तुझी,
बुरुलकान मावशी

बिश्केक, ११ मार्च

प्रिय मावशी,

‘आहे एक माणूस’ असं म्हणणारी गिऱ्हाइकं आमच्याकडे रोज येतात. तो माणूस बहुतेक वेळा नववी नापास असतो आणि बाहेर मिनीबसच्या थांब्यापाशी लपून उभा असतो.

आधी कामाचं सांगते. तेवढ्याच पैशात मोठा खोका लॅपटॉपच्या जवळजवळ दुप्पट ताकदीचा येतो. लॅपटॉपमध्ये तू निम्मे पैसे तो उचलता येतो याचेच देतेस. शिवाय खेळात तो तापतो, तापला की दमतो, आणि आतलं काही बिघडलं तर बहुतेक भाग बदलताही येत नाहीत. खोक्याचं तसं नाही. आज साधं ग्राफिक्स कार्ड बसवायचं, पुढे पैसे आले की तेवढंच काढून चांगलं घालायचं. चाळीस हजारांत लॅपटॉप हवाच असेल तर जुना घ्यावा लागेल, आणि जुन्याची बॅटरी म्हणजे नशिबाचा भाग. तेव्हा मला दोनच गोष्टी सांग. तो एका जागी राहणार आहे की हलणार आहे? आणि तुमच्याकडे वीज अजून हिवाळ्यासारखीच लपाछपी खेळते का?

आता बिनकामाचं. मावशी, मी काही दूधखुळी नाही. तो माणूस म्हणजे आपला एरबोल. पहिलं नातवंड आजी-आजोबांच्या पदरात घालायचं, हे आपल्याकडे सगळेच करतात. माझा थोरला भाऊही आजीकडेच वाढला आणि तिलाच आई म्हणत राहिला. एरबोलही तुला आई म्हणतो आणि जन्म दिलेल्या आईला झमीरा म्हणून नावाने हाक मारतो, हे मला ठाऊक आहे. पण दोन वर्षांपूर्वी तुझ्या मुलाने, उर्मातने, आणि झमीराने त्याला मॉस्कोला नेलं, ते कसं नेलं तेही मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याने गोठ्याचा खांब सोडला नव्हता. आता तू घरात खेळाचा संगणक आणून त्याला मधाचं बोट लावणार आणि तो आईबापांकडे हट्ट धरणार, मला आत-बाशीला जायचंय. झमीराने काय करायचं? तुझा राग ओढवून घेऊन लिहितेय, पण हे बरं नाही.

तुझी,
मीरिम

आत-बाशी, १९ मार्च

मीरिम,

राग आलाच. तुझं पत्र वाचून मी ते चुलीत घालायला निघाले होते. मग कामाच्या भागासाठी ठेवलं.

मधाचं बोट म्हणे. संगणक माझ्यासाठी आहे. आता हस पोटभर, मी थांबते.

झालं का? मग ऐक. पोराला नेलं तेव्हा झमीरा माझ्यासमोर बसून म्हणाली, “आई, तो तुमचाच आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही रोज फोन केलात तर तो माझा कधी होणार?” काही वावगं बोलली नाही. मीच शब्द दिला, रविवारी एकदा फोन करीन, एरवी नाही. तो शब्द मी पाळला. पण रविवारी होतं काय, झमीरा त्याला फोनसमोर बसवते आणि तो म्हणतो, बरा आहे, जेवलो, शाळा बरी आहे. जवळजवळ दोन वर्षं मी ही तीनच वाक्यं ऐकली. जानेवारीपासून तर नुसती मान हलवायला लागला. आठ वर्षं माझ्या कुशीत झोपलेलं पोर, मीरिम, आणि मला त्याचा आवाज आठवावा लागायचा.

मग गेल्या महिन्यात एका रविवारी तो एकदम म्हणाला, “आई, तू माझ्या खेळात ये ना. मी शाळेत गेलो की मेंढ्यांकडे बघायला कोणीच नसतं.” त्या खेळात म्हणे माणूस निघून गेला तरी दिवस चालूच राहतो आणि लांडगे येतात. त्याच्या अकरा मेंढ्या नेल्या. हे सांगताना त्याचा आवाज अगदी पूर्वीचा होता.

दुसऱ्या दिवशी मी बाजारामागच्या संगणक-क्लबात गेले. पोरांना वाटलं कोणाची तरी आजी कान धरायला आलीय. तिघे मागच्या दाराने पळाले. राहिलेल्यातला एक म्हणाला, “आजी, पावाचं दुकान शेजारी.” मी म्हटलं, मला मेंढ्या राखायच्यात, बसव कुठेतरी. बिचाऱ्याने बसवलं, नाव लिहून दिलं. मी खेळात ‘बुरुलकान पोस्ट ऑफिस’ आहे. आता रोज जाते, पण तिथे सिगारेटचा धूर आणि शिव्या, आणि गावात बोलबाला झालाय तो वेगळाच. मशिदीतून येताना तुझ्या काकांना कोणी विचारलं, वहिनी कोणाशी लढाई करतात? त्यांनी सांगितलं, माझ्याशी.

तेव्हा घरीच हवा. वीज आता बरी आहे. आणि तो एका जागीच राहील, कुठे हलणार नाही. नवरोजचं सुमोलोक, गव्हाच्या कोंबांची ती गोड खीर, तालायबरोबर पाठवतेय, बरणी परत दे.

बुरुलकान

बिश्केक, २ एप्रिल

प्रिय मावशी,

मी हसले नाही. दुकानातच होते, पत्र वाचून मागच्या खोलीत गेले आणि मालकाने विचारलं तेव्हा डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं. मला माफ कर.

एका जागी राहणार असेल तर मग शंकाच नको, मोठा खोका. मी स्वतः जोडलाय. स्वस्त ग्राफिक्स कार्डं हल्ली ढिगाने येतात, पण ती इंटरनेटवरची नाणी काढायच्या कामाला रात्रंदिवस राबून आलेली असतात, वरून पुसली की नवी दिसतात. मी तुझ्यासाठी एका शाळकरी मुलाचं घेतलं. त्याच्या आईने परीक्षेपर्यंत खेळ बंद केलाय. पडदा जुना आहे, कोपऱ्यात एक ठिपका कायम हिरवा दिसेल. त्याला गवत समज. विजेचा दाब सांभाळणारी पेटीही घातलीय, ती मधे लावल्याशिवाय खोका चालू करायचा नाही. कानाला लावायचं आणि बोलायचं यंत्र माझ्याकडून भेट. ओरडायचं नाही, त्याला हळू बोललेलं कळतं. कुठली तार कुठे जाते त्यासाठी दोन्ही टोकांना एकाच रंगाचा धागा बांधलाय, लाल लालमध्ये, निळा निळ्यामध्ये.

सुमोलोक फस्त झालं. बरणी खोक्यात मागच्या बाजूला, भुश्यात आहे.

एक विचारू? झमीराला हे माहीत आहे का?

तुझी,
मीरिम

आत-बाशी, २० एप्रिल

माझी गुणाची मीरिम,

तुझ्या हातांना यश येवो, तुझ्या पायाला काटा न बोचो, तुझ्या मालकाला अक्कल येवो आणि तो तुझा पगार वाढवो. खोका आला. तालायने तो मिनीबसमध्ये पुढच्या सीटवर पट्टा लावून आणला आणि एका बाईला मागे बसवलं. धागे जुळवून मी एकटीने सगळं जोडलं. काका खाटेवरून सूचना देत होते, सगळ्या चुकीच्या.

पोर, काय सांगू तुला. क्लबात मला सगळं धुरकट दिसायचं, इथे गवताची पात न् पात हलते. एरबोल शाळेतून येतो तेव्हा इथे संध्याकाळ होते. मी गाईचं दूध काढून हात धुऊन बसते. कानात आवाज येतो, “आई, आलीस?” मग तो बोलत सुटतो. त्याच्या वर्गात एक मुलगा त्याला नावं ठेवतो. त्याला शाळेत मिळणारं मुळ्याचं सूप आवडत नाही. मॉस्कोत बर्फ काळं असतं. हे सगळं तो लाकडं तोडता तोडता सांगतो. समोरासमोर बसवलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटते, आणि शेजारी शेजारी काम करायला लागलं की सुटते. त्याचे आजोबाही असेच आहेत.

त्याने खेळात तंबू उभारलाय. आपलाच, वर छताला चक्र, सगळं नीट. आत गेले तर मला गलबलून आलं. खोगीर बायकांच्या बाजूला टांगलेलं, आणि कढया, दुधाची भांडी पुरुषांच्या बाजूला. आठव्या वर्षी गेलेलं पोर, उजवं-डावं कोण सांगणार त्याला? मी काही बोलले नाही. पाहुणी होऊन गेले होते, पहिल्याच दिवशी काय चुका काढायच्या. फार छान झालंय म्हटलं.

खोक्याच्या मागून गरम वारा येतो, तिथे मी पिठाची परात ठेवते. पाव सुरेख फुगतो. काका म्हणतात, आता कुठे हा संगणक उपयोगाचा वाटायला लागला.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं पुढच्या पत्रात बघू.

तुझी ऋणी,
मावशी

बिश्केक, २८ मे

प्रिय मावशी,

आधी ती परात उचल. आत्ता, हे वाचता वाचता. पंख्यात पीठ गेलं तर खोक्याचा पाव होईल.

पुढच्या पत्रात बघू म्हणालीस आणि महिना गेला, पत्रच नाही. काल काकांचा फोन आला. काका स्वतःहून फोन करतात म्हणजे काहीतरी जळलेलं असतं. म्हणाले, मेंढ्या वर न्यायची वेळ झाली, ट्रक ठरला, आणि तुझी मावशी म्हणते मी यंदा कुरणात येत नाही. लग्न झाल्यापासून एक उन्हाळा चुकवला नाही तिने, पोस्टातून रजा काढून यायची, बाळंतपणातसुद्धा पाळणा घेऊन आली. घोडीचं दूध मी काढू का, असं विचारत होते. आवाज रडवेला होता, मावशी. मला म्हणाले, तिला कसला आजार आहे का, मला सांगत नाही, तुला लिहिते, तर तू सांग.

खरं सांग. डॉक्टरकडे गेली होतीस का? गुडघा आहे की छाती? इथे ये, मी रजा काढते.

मीरिम

आत-बाशी, ३ जून

मीरिम,

मला काही झालेलं नाही. घोड्यासारखी आहे. काकांना तसं सांगितलं, तर ते आणखीच घाबरले.

शाळेला सुट्टी लागली आहे. उर्मात पहाटे टॅक्सी घेऊन जातो, झमीरा दुकानात बारा तास उभी असते. पोर सातव्या मजल्यावर दिवसभर एकटं. बाहेर जायचं नाही, दार उघडायचं नाही, गॅस पेटवायचा नाही. त्याला उन्हाळ्यात इकडे पाठवा म्हणायची मला हिंमत नाही. गोठ्याचा खांब झमीराही विसरलेली नाही, आला तर परत येणार नाही, अशी तिला धास्ती आहे. तिच्या जागी मी असते तर मलाही असती.

मी वर कुरणात गेले तर हा खोका खालीच राहणार. तीन महिने पोराला वाटणार, आईने पण सोडलं. एकदा सोडलंय ना आम्ही त्याला, गाडीमागे धूळ खात उभे राहिलो होतो. पुन्हा नाही. म्हणून मी ठरवलंय, काकांनी जावं, शेजारची पोरगी दूध काढेल, मी इथेच टेबलापाशी बसेन. तुला मार्चमध्ये ‘एका जागीच राहील’ लिहिलं ते खोक्याबद्दल नव्हतं, माझ्याबद्दल होतं. तेव्हाच ठरलं होतं माझं. तुला लिहिलं असतं तर तू आणि काका एक झाला असता.

आणि झमीराला माहीत नाही. शब्द फोनचा दिला होता, खेळाचा नाही, असं मी स्वतःला सांगते. पोस्टात कोणी अशी सबब सांगितली असती तर मी खिडकी बंद केली असती. पण मला आता त्याचा आवाज सोडवत नाही गं.

तू कोणाला सांगू नकोस.

मावशी

बिश्केक, ९ जून

मावशी,

तालाय दारात उभा आहे, थोडक्यात लिहिते. तो आणतोय तो लॅपटॉप तुझा. मोठा खोका त्याच्याबरोबर परत पाठव, पीठ झटकून. तो मी त्याच किमतीला इथे देऊन टाकीन, त्या शाळकरी मुलाचीही परीक्षा संपलीय.

गिऱ्हाइकाने काय हवंय ते नीट न सांगितल्यामुळे सल्ला चुकला, असं आम्ही दुकानात म्हणतो. मी मात्र म्हणते, मीच विचारायला हवं होतं. आत-बाशीच्या बाईला ‘तो हलणार आहे का’ असं विचारते मी, जिचं घरसुद्धा दरवर्षी हलतं.

हा एका कचेरीतून निघालेला आहे. जाड आहे, जड आहे, एक बटण गेलंय, आणि खोक्याच्या निम्मीसुद्धा ताकद नाही. खेळ मी सगळ्यात खालच्या पातळीवर लावून ठेवलाय. लांबचं काही दिसणार नाही, पन्नास पावलांपलीकडे सगळं धुकं. बॅटरी नवी घातलीय, तासभर टिकेल. तुमच्या तंबूवरच्या सौरपट्टीला जोडायची तार पिशवीत आहे. उन्हात पट्टी, सावलीत लॅपटॉप, उलटं करू नकोस. मोबाइलची रेंज तिथल्या खिंडीवर मिळते म्हणे, फोन लॅपटॉपला कसा जोडायचा ते मागे चिकटवलेल्या कागदावर लिहिलंय.

हे पैशांना परवडणारं नाही, तुला परवडणारं आहे. काकांबरोबर वर जा. आणि झमीराला सांग, मावशी. मी कोणाला सांगणार नाही, पण तू सांग.

मीरिम

वरच्या कुरणातून, २६ जुलै

माझी लाडकी मीरिम,

हे पत्र कुमीस, म्हणजे आपलं घोडीचं आंबवलेलं दूध, न्यायला येणाऱ्या माणसाकडे देतेय, वासाची माफी असावी.

तुझा लॅपटॉप रोज दुपारी आमच्या तोरू घोड्याच्या पाठीवरून खिंडीवर जातो. पिशवीत शालीत गुंडाळलेला असतो. मी एका सपाट दगडावर बसते, तोरू शेजारी चरतो, आणि आम्ही आजी-नातू तिकडे मेंढ्या राखतो. काका खाली खऱ्या राखतात. धुक्याचं म्हणशील तर मला त्यात काही वावगं वाटत नाही, इथेही सकाळी पन्नास पावलांपलीकडे दिसत नाही. तापतो मात्र खरा. इथल्या वाऱ्यात तेही बरं वाटतं, गुडघ्यावर ठेवते.

पहिल्या दिवशी काय झालं ते सांगायलाच हवं. मी बोलत होते आणि तोरूने नाक फुरफुरवलं. पलीकडची लाकूडतोड थांबली. मला वाटलं रेंज गेली. मग तो हळूच म्हणाला, “आई, तो तोरू आहे?” मी म्हटलं हो. “अजून आहे तो?” आहे तर, म्हातारा झालाय. मग म्हणाला, “काही बोलू नकोस, नुसतं ऐकू दे.” मी ते यंत्र घोड्याच्या तोंडापाशी धरून बसले. घोडा गवत खात होता आणि माझं पोर मॉस्कोत ऐकत होतं. टेबलावरच्या खोक्याला हे जमलं असतं का? तुझे उपकार मी कसे फेडू ते मला कळत नाही, आणि फेडायचेही नाहीत. राहू देत अंगावर.

आता पुढचं. तो परवापरवापर्यंत तंबू मांडत होता. मंगळवारी मला विचारलं, “आई, आत सगळं बरोबर आहे ना? खोगीर कुठल्या बाजूला टांगतात?” किती दिवस मी या प्रश्नाची वाट बघत होते, मीरिम. जिभेवर आलं होतं. आणि तेवढ्यात मला झमीरा आठवली. तिचा बाप आमच्या पलीकडच्या कुरणातला. नऊ वर्षांची असताना ती एकटी अख्खा तंबू आतून मांडायची. तिला हे माझ्याइतकंच माहीत आहे, पण तिला कोणी विचारत नाही. सातव्या मजल्यावर कोण विचारणार?

मी म्हटलं, आईला विचार.

“तुलाच विचारतोय ना.”

मी मोठी आई. आईला विचार. ती रात्री येईल ना कामावरून, तेव्हा विचार. आणि आधी जेव, मेंढ्या मी बघते.

तो तिथल्या तिथे खेळातून निघून गेला. तेव्हापासून आलेला नाही. मी रोज खिंडीवर जाते, दगडावर बसते, त्याच्या मेंढ्या हाकते आणि उतरते. रविवारीही फोन लागला नाही. एक तर पोर रुसलंय, मी त्याला दुसऱ्यांदा ढकललं असं वाटलं असेल. नाहीतर त्याने विचारलं असेल आणि झमीराला कळलं असेल, हा रोज कोणाशी बोलतो ते. शब्द मोडल्याबद्दल ती रागावली असेल तर तिचं बरोबर आहे. तू सांगितलं होतंस, आधी सांग म्हणून. मी आवाजाच्या लोभात राहिले.

तरीही एक सांगते. पुन्हा विचारलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं.

बुरुलकान

मॉस्को, २८ जुलै

आदरणीय आईंना,

झमीराचा सलाम. तुम्हाला तिकीट लावलेलं पत्र आवडतं म्हणून पोस्टातूनच पाठवतेय. रांगेत उभी राहिले, शिक्का नीट उमटवायला लावला. हे पोचेपर्यंत उर्मातचा फोन लागला असेल, तरी मला लिहायचंच होतं, कारण फोनवर मला तुमच्यापुढे बोलता येत नाही.

एरबोलच्या संगणकाचा वीजपुरवठ्याचा डबा जळला. मंगळवारी रात्री धूर आला आणि सगळंच बंद पडलं. माझा फोनही त्याच दिवशी दुकानात फुटला, आणि उर्मात रविवारीही टॅक्सीवर होता, म्हणून रविवार चुकला. पोर रोज सकाळी उठून म्हणतं, मेंढ्यांचं काय झालं असेल. मी म्हणते, तुझी आजी आहे ना तिथे. तर म्हणतो, हो, ती जाणार नाही.

आई, मला सगळं माहीत आहे. लहान मुलांच्या खेळात कोणालाही आत घ्यायचं तर आधी आईबापांच्या फोनवर विचारतात. फेब्रुवारीत माझ्या फोनवर आलं, ‘बुरुलकान पोस्ट ऑफिस’ला परवानगी द्यायची का? मी दुकानात मालाच्या खोक्यावर बसून खूप हसले आणि मग ‘हो’ दाबलं. तुम्हाला कळू दिलं नाही, कारण तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही दिलेल्या शब्दासाठी लगेच थांबला असता. मला तुम्ही थांबायला नको होता. तुम्ही आलात त्या दिवसापासून तो रात्री दात खात नाही. माझी सुट्टी असली की भिंतीपलीकडून तो बडबड करताना ऐकू येतो, आणि मी भांडी घासताना नळ बारीक करते.

एकच गोष्ट माझ्या मनाला लागायची. एवढं सगळं तो तुम्हाला सांगतो, मला नाही. पण त्याबद्दल तुमच्यावर रागावू कशी? तुम्ही माझं पोर आठ वर्षं सांभाळलंत. आम्ही इथे एका खोलीत सहाजण राहायचो तेव्हा ते तिकडे दुधा-तुपात वाढत होतं. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आभार मानले तर ते परकं दिलं होतं असं होईल, असं वाटायचं. आज मानते.

मंगळवारी मी कामावरून आले, कोट काढत होते. आतून हाक आली, “आई.” मला वाटलं खेळ चालू आहे, तुमच्याशी बोलतोय. मी स्वयंपाकघरात गेले. पुन्हा हाक आली, “आई, ऐकू येत नाही का? मोठी आई म्हणाली तुला विचार. खोगीर कुठल्या बाजूला टांगतात?”

संगणक बंद होता, आई. धूर खिडकीतून गेला होता आणि तो अंधाऱ्या पडद्यापुढे बसून माझ्याकडे बघत होता.

मी खाली बसले. शाळेच्या वहीवर गोल काढला, दार काढलं, आणि त्याला दाखवलं, आत गेल्यावर उजवीकडे बायकांची बाजू, तिथे भांडी, डावीकडे पुरुषांची, तिथे खोगीर. तो म्हणाला, म्हणजे मी सगळं उलटं मांडलं होतं आणि मोठी आई इतके महिने काहीच बोलली नाही? मी म्हटलं, नाही बोलली. मग आम्ही दोघं जेवलो. त्या रात्री त्याने मला आणखी पुष्कळ विचारलं, घोडीचं दूध किती वेळा काढतात, माझ्या वडिलांच्या घोड्याचं नाव काय होतं. उर्मात आला तेव्हा आम्ही जागेच होतो.

डबा शनिवारी बदलून मिळेल. पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः त्याला घेऊन येणार आहे, मालकिणीशी बोलून ठेवलंय. तोपर्यंत तुम्ही खिंडीवर जात राहा. आणि हे पत्र मिळाल्यावर तंबूत गेलात की जरा डावीकडे बघा.

तुमची सून,
झमीरा